आक्का, अरुंधती आणि सात वाजताचा भोंगा

"मी मालिका बघत नाही" असं ठासून सांगणाऱ्या माणसाला कालच्या भागात काय झालं ते हमखास माहीत असतं, हा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. बँकेत पेन्शनच्या रांगेत, भाजीवालीपुढे, अगदी कीर्तन सुरू व्हायच्या आधीसुद्धा... "आम्ही नाही हो बघत, सूनबाई लावते म्हणून कानावर पडतं." आणि मग ते कानावर पडलेलं साडीच्या काठापर्यंत तपशीलवार निघतं! असो. मी बघते, सरळ सांगते. आणि बघण्यापेक्षा मला त्यावर लोक काय बोलतात ते ऐकायला जास्त आवडतं. कारण माणसं मालिकेबद्दल म्हणून जे बोलतात ते पुष्कळदा मालिकेबद्दल नसतंच.

आमच्या साताऱ्याचंच बघा. 2017 च्या मे महिन्यात झी मराठीवर 'लागिरं झालं जी' सुरू झाली. लेखक तेजपाल वाघ वाईचे, निर्मात्या श्वेता शिंदे साताऱ्याच्या, अज्या झालेला नितीश चव्हाण इकडचाच आणि चित्रीकरणही इथलंच. सात वाजले की गल्लीतल्या प्रत्येक घरातून तेच शीर्षकगीत. पहिले काही महिने सगळी चर्चा भाषेवर. "आपल्याकडं असं बोलत्यात व्हय?" हे लोक ज्या भाषेत विचारायचे ती ऐकली की मला हसू यायचं, कारण तंतोतंत तसंच बोलत होते! आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं वहीतल्या 'न्हाय'चं 'नाही' केलं. ते कामच होतं आमचं, परीक्षेत प्रमाण मराठीच लिहावी लागते. पण नायक आपल्या मामासारखा बोलतो आणि तरी तो विनोदाला ठेवलेला गडी नाही, हे पोरांनी टीव्हीवर प्रथम पाहिलं असेल.

गोष्ट होती फौजेत जायची आस लागलेल्या मुलाची. साताऱ्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. जवळच अपशिंगे आहे, ज्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरांतून माणसं सैन्यात गेली. अशाच एका फौजीच्या घरातली बाई एकदा एस.टी.त माझ्या शेजारी बसली होती. विषय निघाला अज्या-शीतलीचा. ती म्हणाली, "बाई, सुट्टीवर आलेला फौजी एवढा बोलत नसतो हो. आमचे पहिले दोन-तीन दिवस गप्पच असतात. मी पण काय विचारत नाही. ताट वाढायचं नि बाजूला बसायचं." झालं मालिकेवरचं मत. तेवढ्यात तिचा थांबा आला.

'देवमाणूस' मात्र मला आवडली नाही आणि ते मी तेव्हाही सांगत होते. 2020 च्या ऑगस्टअखेर ती सुरू झाली. 2016 साली वाई-धोमचं खून प्रकरण उघडकीला आलं होतं, त्याच्याशी लोकांनी ती लगेच जोडली. किरण गायकवाडचं काम चांगलं, सरू आजीच्या शिव्या आणि म्हणींना तर घरोघरी दाद. पण साताऱ्याहून तासाभराच्या वाटेवर ज्या घरांतली माणसं खरोखर गेली, त्या घरांत रात्री साडेदहाला टीव्हीवर काय लावत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. मुंबईच्या माणसाला ती गोष्ट होती. आम्हाला ती शेजारच्या तालुक्यातली बातमी होती. भाचा म्हणतो, "मावशी, तू फार विचार करतेस, ती करमणूक आहे." असेल.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. सांगलीच्या माणसाने नटाबद्दल मत दिलं की ते जन्मसिद्ध हक्काने दिलेलं असतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' तिथे केलं, तेव्हापासूनचा तो हक्क आहे! "रडताना खांदे हलवायचे नसतात" असं सांगणारी आमची आक्का त्यातलीच. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, चौथीनंतर शाळा सुटलेली, कडेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. भावजी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. 2020 मध्ये घरात कोंडून बसायची वेळ आली तेव्हापासून आमचे रोज फोन सुरू झाले आणि रोज विषय एकच, 'आई कुठे काय करते'.

ज्यांनी पाहिली नाही (म्हणजे ज्यांच्या फक्त 'कानावर पडली') त्यांच्यासाठी सांगते. स्टार प्रवाहवर 23 डिसेंबर 2019 पासून, संध्याकाळी साडेसातला. मूळ बंगाली 'श्रीमयी', हिंदीतली 'अनुपमा' हीसुद्धा तीच गोष्ट. अरुंधती सगळ्या घराचं करता करता स्वतःला विसरलेली, आणि नवरा अनिरुद्धचं ऑफिसातल्या संजनाशी प्रकरण. मधुराणी प्रभुलकरांनी अरुंधती फार संयमाने केली. आक्काच्या भाषेत, "खांदे हलवत न्हाई."

एके दिवशी आक्का फोनवर तावातावाने बोलत होती. "एवढं कळलंय, तरी त्याचं हवं-नको बघती! चहाचा कप हातात न्हेऊन देती! काय म्हणायचं हिला?" मी हो ला हो करत होते. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "मी न्हेऊन दिलाच की. अकरा वर्षं."

मी काही बोलले नाही. तिनेही पुढे काही सांगितलं नाही. कोण, कुठली, कधीपासून, आई-आप्पांना माहीत होतं का... साठ वर्षांत ही गोष्ट आमच्या घरात कुणी उच्चारली नव्हती. मिनिटभराने आक्का म्हणाली, "दूध उतू जातंय, ठेवते." दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन आलाच. "बघितलीस काय गं आज? संजनाची साडी बघितलीस?"

2022 साली कडेगाव तालुक्यातल्याच मोहित्यांचे वडगावची बातमी सगळीकडे आली. करोनात अभ्यासासाठी पोरांच्या हातात आलेले मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेनात, म्हणून सरपंच विजय मोहिते आणि गावाने ठरवलं. आधी महिलांची सभा घेतली आणि 15 ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की टीव्ही, मोबाईल बंद. पोरांनी दीड तास अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं. साडेआठला पुन्हा भोंगा. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून सांगत होते. मला त्याचं फार कौतुक वाटलं. अहो, घरात टीव्ही चालू असताना पाढे म्हणणाऱ्या मुलाची काय अवस्था होते हे मी किती घरांत पाहिलंय!

आक्काच्या गावातही "आपण पण करू" असं निघालं. आक्का म्हणाली, "पोरांसाठी चांगलंच हाय. नातवंडांचा टीव्ही मी स्वतः बंद करीन. पण साडेसातला मला माझी अरुंधती बघू द्या. माझी शाळा सुटून पासष्ट वर्षं झाली." तिच्या गावातला बेत बोलण्यावरच राहिला. मुलांच्या अभ्यासासाठी टीव्ही बंद करणं मला पटतं. पण "बरं झालं, बायकांचं सीरियलचं खूळ सुटेल" असं जे पारावर बसून म्हणत होते, त्यांना आक्काचा तो फोन ऐकवावासा वाटला. अर्थात ऐकवता येण्यासारखा नव्हताच तो.

2023 मध्ये अरुंधतीचं आशुतोषशी लग्न झालं. आमच्या हास्यक्लबात दोन तट. "सासू झालेल्या बाईने लग्न करायचं म्हणजे..." वगैरे. आक्काच्या गल्लीत तर सगळ्याच विरोधात. आक्काने त्या संध्याकाळी शिरा केला होता. सुनेने विचारलं, आज काय आहे? तर म्हणाली, "चतुर्थी." चतुर्थी नव्हती. पुढे लेखकांनी त्या आशुतोषला अपघातात मारून टाकलं, तेव्हा ती इतकी चिडली की दोन दिवस मालिकेचं नावच काढलं नाही. तोवर मालिका दुपारी अडीचवर गेली होती, तेव्हा तिने दुपारची झोप सोडली. शेवटचा भाग 30 नोव्हेंबर 2024 ला झाला.

त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "आक्का, अरुंधतीने आधीच घर सोडायला हवं होतं का गं?"

ती म्हणाली, "सोडून जाणार कुठं? आणि तिला गाता येत होतं. मला काय येत होतं?" मग लगेच, "आता दुसरी कुठली बघू ते सांग. रडकी नको."