आधी हाक मारायची

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला की आमच्या घरात झोंब्यांचा सुळसुळाट होतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण रात्री जेवणं झाली की काँप्युटरवर चालते-फिरते मुडदे मारत बसतो. पूर्वी मी वैतागायचो. यंदा मात्र त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

तो दोन खेळ आलटूनपालटून खेळतो. दोन्हींत मुडदे, दोन्हींत बंदुका, दोन्हींत आपला जीव वाचवायचा. मला आधी दोन्ही सारखेच वाटले. पण तसं नाही.

पहिला 'रेसिडेंट ईव्हिल २'. मूळ १९९८ चा, नव्याने केलेला २०१९ चा. रकून सिटी नावाच्या काल्पनिक अमेरिकन शहरातलं पोलीस ठाणं, आणि त्यात बहुतेक वेळ तुम्ही एकटे. गोळ्या मोजक्या, सामान ठेवायला कप्पेही मोजके. त्यामुळे सगळा काटकसरीचा मामला. मुडदा समोर आला तरी नातू पुष्कळदा गोळी झाडत नाही, बगल देऊन निघून जातो. खिडक्यांना फळ्या ठोकतो, म्हणजे बाहेरचे आत येत नाहीत. झालेला खेळ जपून ठेवायला टाइपरायटर गाठावा लागतो. मूळ खेळात त्यासाठी शाईची रिबनही लागायची, आणि त्याही मोजक्याच! रिबन पुरवून पुरवून वापरणारे कारकून मी शाळेत पाहिलेत. हा खेळ मला लगेच आवडला.

दुसरा 'लेफ्ट फोर डेड', २००८ चा. यात चौघं जण. त्यातला बिल हा पांढऱ्या दाढीचा म्हातारा, व्हिएतनामच्या युद्धात लढलेला. इथे मुडदे झुंडीने धावत येतात, जपून वागायला उसंतच नाही. ते कधी आणि किती यायचे हे 'डायरेक्टर' नावाची व्यवस्था तुमचा खेळ कसा चाललाय ते पाहून ठरवते. म्हणजे वर्गाचे चेहरे बघून प्रश्न विचारणारा शाळातपासनीसच म्हणा ना! पाठांतराचा फारसा उपयोग नाही.

एका रात्री नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही बिल व्हा." मला त्याने जुन्या काँप्युटरवर बसवलं, स्वतः लॅपटॉप घेतला. उरलेले दोघे काँप्युटरच चालवत होता. मी सवयीप्रमाणे कोपरा धरून, भिंतीला चिकटून चाललो. मागे राहिलो. तेवढ्यात हंटर नावाचं एक प्रकरण उडी मारून माझ्या छातीवर बसलं. मी दिसतील ती बटणं दाबत सुटलो.

"बटणं दाबून काही होणार नाही आजोबा," नातू म्हणाला. "त्याला दुसऱ्या कुणीतरीच ढकलायचं असतं. तुम्ही आधी हाक मारायची."

त्याने येऊन हंटरला ढकललं. मी आडवा पडलो होतो. हातात पिस्तूल होतं, पण आपलं आपल्याला उठता येत नाही. तेही दुसऱ्यानेच उठवायचं. त्याने उठवलं, वर स्वतःजवळची एकुलती एक औषधांची पेटी माझ्यावर खर्च केली.

मी काही बोललो नाही. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरून पडलो होतो. अर्धा-पाऊण तास तिथेच होतो. भिंतीपलीकडे शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येत होता. हाक मारली असती तर धावत आले असते. नाही मारली. कशाला कुणाला त्रास! मग बादलीचा आधार घेत कसाबसा उठलो, आणि मुलाला फोनवर सांगितलं, सगळं ठीक.

ही गेल्यापासून मी पहिलाच खेळ खेळतोय, हे त्या रात्री कळलं. पेन्शन मोजून, बोलणं मोजून, येणाऱ्याजाणाऱ्याला बगल देऊन आणि खिडक्यांना फळ्या ठोकून. त्या खेळाला मी नावं ठेवत नाही. एकटं राहायचं तर ते कौशल्य लागतंच. चूक एवढीच, की पलीकडे माणसं असताना मी तो खेळत बसलो.

आयुष्यभर वर्गात सांगत आलो, "अडलं तर हात वर करा रे." मास्तरांनी स्वतः कधी केला नाही.

नातू परत जाण्याआधी त्याला न्हाणीघरातली गोष्ट सांगितली. तो रागावला नाही. शेजारच्यांकडे आमच्या घराची एक किल्ली देऊन आला.

असो. आता न्हाणीघराची कडी मी आतून लावत नाही.