हलक्या गाडीचे टायर

टायरच्या कडेवर उठवलेल्या अक्षरांच्या ओळीत एक आकडा असतो, तो सहसा कुणी वाचत नाही. माझ्या गाडीच्या टायरवर लिहिलंय १८५/६० आर १४ ८२ एच. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या साठ टक्के, १४ हा इंचातला रिमचा व्यास आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा परवाना. राहिला तो ८२. त्याचा अर्थ असा की या एका टायरवर ४७५ किलो भार टाकायला हरकत नाही. चार टायरांचे झाले १९०० किलो. माझी गाडी, पेट्रोल भरून आणि मी आत बसून, सव्वासहाशे किलोंच्या आसपास भरते. म्हणजे एका टायरच्या वाट्याला दीडशे किलोंहून थोडं जास्त, त्याच्या ताकदीचा जेमतेम तिसरा हिस्सा. हलक्या किट कारला टायर निवडताना जे काही डोकं खाजवावं लागतं, ते सगळं या एका भागाकारातून येतं.

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडायची गाडी. मी राहते त्या इंग्लंडात हा जुना छंद आहे, आणि त्याचं मूळ बरंचसं कर वाचवण्यात आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन बाजारात आणली तेव्हा तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. जोडणीच्या सूचना दिल्या तर ती तयार गाडी धरली जायची. म्हणून म्हणे गाडी उघडण्याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचायच्या! १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. ती गाडी आजही बनते, आणि तिच्या वळणाच्या इतर कितीतरी बनतात. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायचं पुस्तक आलं आणि ज्यांच्याकडे वेल्डिंग मशीन व समजूतदार घरचे होते, अशांच्या गॅरेजांत चौकोनी नळ्यांचे सांगाडे उभे राहू लागले. माझी गाडी याच गोतावळ्यातली. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शिअल आणि चाकं एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढलेली.

त्या माझदावरही १८५/६० आर १४ हेच माप होतं. पण ती गाडी टनाच्या जवळपास होती. तेच चाक, तोच टायर, आणि वरचं वजन जवळजवळ चारशे किलोंनी उतरलेलं. वरवर पाहता टायरची चैनच झाली. काही बाबतींत ती खरोखर होतेही. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. उलट बाजूने पाहिलं तर हलक्या गाडीला दर किलोमागे जास्त पकड मिळते, आणि वळणावर ती जड गाडीला मागे टाकते ते एवढ्यासाठीच. गडबड होते ती उष्णतेत. टायर चालताना दबतो, सुटतो, पुन्हा दबतो, आणि त्यातून त्याचं रबर तापतं. दीडशे किलोंखाली तो पुरेसा दबतच नाही. जड गाडीवर वीस मिनिटांत कोमट होणारा टायर माझ्या गाडीवर थंडीच्या सकाळी थंडच राहतो. आणि थंड रबराचं वागणं फ्रिजमधून काढलेल्या कणकेसारखं असतं. तीच कणीक, पण लाटायला गेलं की पसरत नाही आणि पोळपाट धरत नाही. रस्त्यावरच्या खडीच्या बारीक टोकांभोवती रबराने पसरावं, त्यांना बिलगावं, तर ते वरून सरकून जातं.

म्हणून मऊ रबर हवं. हे माझ्या कोल्हापूरच्या काकांना काही केल्या पटत नाही. त्यांच्या दोन ट्रक होत्या. टायरची परीक्षा त्यांच्याकडे एकच, किती चालतो. आणि चालून झाला की रिमोल्ड किती वेळा होतो. फोनवर मी त्यांना सांगितलं की हे टायर पंधरा-वीस हजार किलोमीटरमध्ये संपतील. ते म्हणाले, “मग घेतलास कशाला गं?” माल वाहणाऱ्याच्या हिशेबात त्यांचं बरोबरच आहे. अमेरिकेतल्या नियमानुसार टायरवर ट्रेडवेअर नावाचा एक आकडा छापतात; जितका मोठा, तितकं रबर चिवट. घरगुती गाड्यांच्या टायरवर तो बहुधा तीनशे ते पाचशेच्या दरम्यान दिसतो. काका तो वाचून पाचशेवाला उचलतील. तसला टायर माझ्या गाडीवर वीस वर्षं झिजणार नाही आणि त्या वीस वर्षांत एकदाही मनापासून रस्ता धरणार नाही.

मग मऊ म्हणजे किती मऊ, इथे दुसऱ्या टोकाचे लोक भेटतात. आठवड्याच्या शेवटी अशा गाड्या एखाद्या पबच्या आवारात जमतात, तेव्हा निम्म्यांच्या पायात टोयोचे आर ८८८ आर, योकोहामाचे ए०४८ किंवा नानकांगचे तसलेच टायर असतात. रस्त्यावर चालवायची कायद्याने मुभा असलेले, पण जन्म ट्रॅकसाठी झालेले. आर ८८८ आर चा ट्रेडवेअर आकडा १०० आहे. नक्षी अगदी मोजकी, दोन-चार तिरक्या खाचा. दिसायला ते झकास दिसतात, हे मी कबूल करते. गाडी उभी असली तरी पळतेय असं वाटतं. पण मऊपणा आणि थंडीत काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅकचं रबर तापल्यावर उत्तम काम करावं म्हणून बनवलेलं असतं. ट्रॅकवर सलग जोरात ब्रेक मारत आणि वळणं घेत राहिलं की माझ्यासारखी हलकी गाडीही त्याला तापवते. मिडलंड्समधल्या गावरस्त्यांवर तसं कधी चालवलं जातच नाही, आणि जाऊही नये.

आमच्या भागातून फॉस वे जातो. रोमनांनी आखलेला, एक्सेटरपासून लिंकनपर्यंतचा जवळजवळ सरळ रस्ता. त्याला फुटणारे आडरस्ते मात्र उंच कुंपणांमधून वळणं घेत जातात. एप्रिलमध्ये उन्हात छान वाटतं, पण कुंपणाच्या सावलीतलं डांबर पाच-सहा अंशांवर असतं, त्यावर ट्रॅक्टरने आणलेला चिखल आणि गेल्या पावसाची ओल. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांखाली ताठरायला लागतं, हे टायर विकणारेच सांगतात. ट्रॅकचं रबर त्याहून आधी. अशा सावलीत शिरताना मला जो टायर हवा तो पहिल्या किलोमीटरपासून ओल्या रस्त्यावर बोलणारा हवा, आणि पकड सुटायच्या आधी हळूहळू तसं कळवणारा. थोडी उंच कड, फार ताठ नसलेली बांधणी आणि मधल्या मऊपणाचं रबर असलेला टायर तसं कळवतो. स्टेअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे रस्त्याची प्रत्येक कुजबुज तळव्यांत पोचते. चिकट टायर वरपर्यंत गप्प राहतो आणि मग एकदम हात सोडतो. जड गाडीत सावरायला थोडा वेळ मिळतो. या गाडीत चालक जवळजवळ मागच्या आसावरच बसलेला असतो, त्यामुळे मागचं चाक निसटलेलं कळतं लगेच, पण सावरायचा वेळही तितकाच थोडा.

पाण्याचं गणित याहून टोचणारं आहे. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवर काम करताना एक सूत्र मांडलं. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १०.३५ ने गुणा. ताशी तेवढ्या मैलांना, साचलेल्या खोल पाण्यावर टायर रस्ता सोडून तरंगायला लागतो. घरगुती गाडीत ३२ पीएसआय हवा असते, तर उत्तर ५८ मैलांच्या वर येतं. माझ्या गाडीत १८ असते. तिथे उत्तर ४४. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर! रस्त्यावरच्या खोल नक्षीच्या टायरला हे सूत्र जसंच्या तसं लागू नाही, खाचांतून पाणी निघून जातं. पण दिशा बरोबर आहे. गाडी हलकी म्हणून हवा कमी ठेवायची, हवा कमी म्हणून ती पाण्यावर लवकर उचलली जायची. वाटेत उरतात त्या फक्त खाचा. नवीन घरगुती टायरची नक्षी आठ मिलिमीटरच्या आसपास खोल असते. इथला कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवू देतो. मी तीनवर आल्यावर टायर काढते. काका याला उधळपट्टी म्हणतात.

रुंद टायर घातला तर जास्त रबर रस्त्यावर टेकतं, ही समजूत तर निघतच नाही. टायरखालचा टेकलेला ठसा मुख्यतः वजन भागिले हवेचा दाब या हिशेबाने ठरतो. माझ्या गाडीत दर चाकाखाली साधारण सव्वाशे चौरस सेंटिमीटर. एकशे पंच्याऐंशीच्या जागी दोनशे पाच घातला तरी ठसा फारसा वाढत नाही, फक्त आखूड आणि आडवा होतो. आडवा ठसा कोरड्या वळणावर थोडा उपयोगी पडतो, पाण्यात मात्र तो पुढे बांध घालत जातो. शिवाय रुंद टायर आणि रिम म्हणजे स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं. टनभराच्या गाडीला चाकामागे दोन किलो जास्त झाले तर ती पचवते. साडेपाचशे किलोच्या गाडीचं चाक त्या दोन किलोंनी प्रत्येक खड्ड्यात जास्त वेळ हवेत राहतं.

मापांचा बाजारही आपल्या बाजूने नाही. खरं तर अशा गाड्यांना १३ इंची रिम शोभतात, आणि १८५/६० आर १३ हे त्यांचं जुनं माप. त्या टायरचा बाहेरचा व्यास ५५२ मिलिमीटर, चौदा इंचीचा ५७८. म्हणजे गाडी अर्धा इंच खाली बसते. दिसते सुंदर, पण इंजिनाचं चेंबर आधीच खाली लोंबत असतं, आणि इथल्या गावांत शाळेजवळ एक गतिरोधक असतोच. शिवाय घरगुती गाड्या मोठ्या रिमांवर गेल्या, तसे तेरा इंचीत चांगले टायर उरलेच नाहीत. राहिले ते छोट्या जुन्या गाड्यांचे चिवट टायर, नाहीतर थेट शर्यतीचे. पंधरा इंचीत निवड भरपूर, १९५/५० आर १५ चा व्यासही चौदा इंचीशी जुळतो, म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण त्यातले पुष्कळ टायर जास्त भारासाठी कडा भक्कम केलेले असतात. कडेवर एक्सएल लिहिलेलं दिसलं की मी पुढे बघते. आधीच तिसऱ्या हिश्शाचा भार, त्यात कड आणखी ताठ. तो टायर दबणार कधी आणि तापणार कधी?

या गाड्यांचा विचार करून टायर बनवणारं एक नाव होतं, एव्हॉन. विल्टशरमधल्या मेल्कशॅम गावात त्यांचा कारखाना शंभरहून जास्त वर्षं चालला. त्यांचा सीआर ५०० केटरहॅमवाल्यांचा लाडका. माझ्या मते ओल्या रस्त्यावर हलक्या गाडीला इतकं समजून घेणारा दुसरा टायर झाला नाही. २०२३ च्या अखेरीस मेल्कशॅमचं उत्पादन थांबलं. बोटांवर मोजण्याइतक्या हजार गाड्यांसाठी वेगळं रबर कालवणं कुठल्या कंपनीला परवडणार, हे समजतं. वाईट वाटायचं ते वाटतंच.

त्यामुळे हल्ली जुना साठा विकणारे भेटतात, आणि तिथे कडेवरचे आणखी चार आकडे बघावे लागतात. २३१९ लिहिलेलं असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. किट कार वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर चालते, बाकीचा काळ ताडपत्रीखाली. नक्षी झिजायच्या कितीतरी आधी रबर वाळतं. नखाने दाबून पाहिलं की कळतं. सहा वर्षांनंतर मी आठ मिलिमीटर नक्षी असलेल्या टायरवरही विश्वास ठेवत नाही.

मी शेवटी घेतले ते चौदा इंची, साध्या रस्त्यासाठीच बनवलेले, बऱ्यापैकी मऊ, भरपूर खाचांचे, एक्सएल नसलेले. चारही एकाच जातीचे, कारण पुढे एक आणि मागे एक घातले की कुठलं टोक आधी सुटेल ते कळत नाही. हवा किती भरायची ते मात्र कुठे छापलेलं मिळत नाही, ते शोधावं लागतं. टायरच्या नक्षीवर आडवी खडूची रेघ ओढायची, सरळ रस्त्यावर थोडं जाऊन यायचं आणि रेघ कुठे पुसली ते पाहायचं. मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. चोविसावर माझी रेघ फक्त मधून जायची. अठरावर सारखी पुसली. सोळावर पुसणं ठीक होतं, पण स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळायची, म्हणून परत अठरा. हे सगळं टायर थंड असताना मोजायचं.

टायर बसवून देणारा मुलगा दर वेळी ३२ भरतो. “मॅडम, संगणकात तुमची गाडी नाहीये, मग नेहमीचंच भरतो,” असं त्याचं म्हणणं. मी दुकानाबाहेर गाडी लावते, खिशातला गेज काढते आणि चारही चाकांतली चौदा-चौदा पीएसआय हवा सोडते. तो दारात उभा राहून बघतो. गेल्या खेपेला त्याने ‘१८’ असं माझ्या बिलावर मार्करने लिहून ठेवलं, आणि तरीही ३२ भरले.