साक्री तालुक्यात पावा शिकताना

आम्ही दोघी जावा जळगावच्या एकाच उर्दू शाळेत शिकवतो. नाताळच्या सुट्टीत पिशवीत जानमाज, शाली आणि थोडे खजूर घेऊन धुळ्याच्या एसटीत बसलो. साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढे, एका शिक्षकाने आपल्या शेतावर शिक्षकांसाठी पावा वाजवण्याचे दोन दिवसांचे शिबिर ठेवले होते.

घरी कुरबुर झालीच. "आता शाळेतल्या बाया बाजा वाजवणार का?" अम्मींनी विचारले. गाण्या-बजावण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. कलेच्या तासाला मुलांच्या हाती काही द्यावे, एवढाच आमचा हेतू होता.

एरंडोल, पारोळा करत धुळे आले. तिथून सुरतच्या रस्त्याने कुसुंबा, नेर आणि साक्री. ब्राह्मणवेलच्या बाजूच्या माथ्यांवर पवनचक्क्या फिरत होत्या. धुळ्यात पुलाखालून वाहणारी पांझरा नदी पिंपळनेरच्या डोंगरांत उगम पावते. त्या डोंगरांकडे जाऊ लागलो तशी कपाशी मागे राहिली. बांबूची बेटे आणि नागलीची मोकळी झालेली शेते दिसू लागली.

पावा म्हणजे सहा छिद्रांची बांबूची नळी. तोंडाशी लाकडी खुंटी बसवून बारीक फट ठेवलेली असते. फुंकर त्या फटीतून जाऊन पुढच्या धारेवर आपटते आणि आवाज निघतो. आडव्या बासरीसारखे ओठ जुळवावे लागत नाहीत, म्हणून नवशिक्याला हा सोपा. युरोपात शाळेतली मुले रेकॉर्डर शिकतात, तो याच जातीचा. त्याला पुढे सात आणि मागे अंगठ्यासाठी एक छिद्र असते.

सोपा म्हणतात, पण आमच्या पाव्यातून नुसती किंचाळी निघे. जोर जास्त झाला की सूर एकदम वरच्या सप्तकात उडतो. शिकवणारे सर हसून म्हणाले, "ताई, तुम्ही वर्गावर ओरडल्यासारखं फुंकताय. गरम चहावर फुंकर घालतो ना, तेवढीच द्या." वीस वर्षे वर्ग सांभाळणाऱ्या आम्हाला हळू फुंकता येत नव्हते! दुपारी जोहरची नमाज बांधावर पढलो, नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली आणि पुन्हा बसलो. संध्याकाळपर्यंत तीन सूर जमले.

रात्री शेकोटीजवळ गावातले एक वृद्ध आले. त्यांच्या खांद्यावर पावरी होती, वाळलेला दुधी आणि बांबू जोडून केलेले लांब वाद्य. या भागात डोंगऱ्यादेवाचा उत्सव पावरीशिवाय होत नाही. बाबा येताच गावची माणसे उठली, त्यांना मधोमध बसवले आणि पहिला चहा त्यांना दिला. ते वाजवू लागले. श्वास केव्हा घेत होते, आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

तो मान पाहताना आम्हा दोघींना एकच चेहरा आठवला. आमच्या सातवीत एक मुलगा आहे. त्याचे अब्बा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात आणि लग्नसराईत तोही त्यांच्यासोबत जातो. मुले त्याला "ए बँडवाल्या" म्हणून चिडवतात. आम्ही कधी कोणाला रागावलो नाही. उलट गैरहजेरीबद्दल एकदा भर वर्गात त्यालाच म्हणालो होतो, "बाजाच वाजवायचा तर शाळेत कशाला येतोस?"

मौलाना रूमींची मसनवी बेटापासून तुटलेल्या बासरीच्या तक्रारीने सुरू होते, हे आम्ही मोठ्या अदबीने सांगतो. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांना 2001 साली भारतरत्न मिळाले, याचा अभिमान बाळगतो. आणि गल्लीतल्या माणसाने त्याच श्वासावर घर चालवले, तर त्याच्या घरी सोयरीक करताना नाक मुरडतो. ज्यांच्या वाजवण्यावर आपल्या वराती निघतात, त्यांना जेवायला शेवटी बसवतो. हे कोणत्या किताबात लिहिले आहे? आमच्या दीनमध्ये तर माणसाची थोरवी तकव्यावर ठरते, धंद्यावर नाही.

सुट्टी संपल्यावर त्या मुलाला बोलावले. वर्गासमोर बोललो होतो, म्हणून माफीही वर्गासमोरच मागितली. तो मान खाली घालून उभा राहिला. मग पावा त्याच्या हाती दिला. त्याने बाहीने तो पुसला, उलटसुलट करून पाहिला आणि पहिल्याच फुंकरीत सूर काढला. वर्ग गप्प झाला.

"आपा, तुम्ही वाजवा ना," तो म्हणाला.

आम्ही वाजवला. तो जरा वेळ ऐकत राहिला आणि हळूच म्हणाला, "गाल फुगवू नका, आपा."

आता दर शनिवारी कलेच्या तासाला तो आम्हाला शिकवतो. अम्मींनी परवा विचारले, "त्या पोराचे अब्बा कुठे राहतात? ईदला शिरखुर्मा पाठवायचा आहे."