औषध भांडारातली पाने: बेंझाइल अल्कोहोल

४ जुलै
नवजात कक्षातून मागणी आली: शिरेतली नळी फ्लश करायला सलाइन हवं. नव्या मदतनिसाने ट्रेमध्ये ३० मिलीच्या मल्टिडोस व्हायल काढून ठेवल्या होत्या. लेबलवर बारीक अक्षरांत होतं: बेंझाइल अल्कोहोल ०.९ टक्के. त्या परत कपाटात ठेवल्या आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, एकदाच वापरायच्या अँप्यूल वर पाठवल्या.

५ जुलै
"दोन्ही सलाइनच ना, सर?" मदतनिसाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. एकाच व्हायलला पुन्हा पुन्हा सुई टोचली जाते, तेव्हा आत जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाइल अल्कोहोल घालतात. मोठ्यांच्या शरीरात त्याचं बेंझोइक आम्ल होतं. यकृत त्याला ग्लायसीन जोडतं आणि तयार झालेलं हिप्युरिक आम्ल लघवीवाटे निघून जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या यकृताला हे काम अजून झेपत नाही. बेंझोइक आम्ल साचतं, रक्ताची आम्लता वाढते, बाळाला धाप लागते. अमेरिकेत अशाच सलाइनने नळ्या फ्लश केलेली बाळं दगावली आणि १९८२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने नवजातांसाठी ते वापरू नका, असा इशारा दिला. ती बाळं गेली तेव्हा कुठे हा नियम आला, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

८ जुलै
डी. फार्म.ची मुलं आली होती. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वरून बेंझाइल अल्कोहोलचा थेंब सोडला. रंग नाही, किंचित तेलकट. थेंब गोल राहून तळाशी गेला, कारण ते पाण्यापेक्षा थोडं जड. ढवळल्यावर विरघळला. १०० मिली पाण्यात साधारण ४ ग्रॅम विरघळतं, त्यापुढचं खाली बसतं. उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस. वास मंद, गोडसर. जाईच्या फुलांतही ते असतं. मग बरेच दिवस उघडी राहिलेली जुनी बाटली हुंगायला दिली: कडू बदामाचा वास स्पष्ट. हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं बेंझाल्डिहाइड होतं. म्हणून झाकण घट्ट आणि जागा थंड, कोरडी हवी.

११ जुलै
मुलांनी उपयोग विचारले. सौंदर्यप्रसाधनांत प्रिझर्व्हेटिव्ह, तेलकट इंजेक्शनांत द्रावक, इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये, जुना रंग काढायच्या द्रावणात. उवांवर ५ टक्क्यांचं लोशन निघालं. अमेरिकेत त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली. त्याने उवेची श्वासरंध्रं उघडीच राहतात, लोशन आत शिरतं आणि ती गुदमरून मरते. लिखा मात्र मरत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा लावायचं. तेही सहा महिन्यांखालच्या बाळाला नाही.

१३ जुलै
शुद्ध द्रव हाताळायचा तर हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा हवीच. डोळ्यांत गेलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. काहींना त्वचेवर ॲलर्जी येते. ज्वाळेपासून आणि तीव्र ऑक्सिडीकारकांपासून दूर ठेवावं. सांडलं तर वाळू टाकून उचलावं.

१५ जुलै
मल्टिडोस व्हायलच्या कप्प्यावर लाल पट्टी लावली: "नवजात बाळांसाठी नाही." पण पट्टी सुटू शकते, कप्पा बदलू शकतो. माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना एकच विनंती: बाळासाठी व्हायल हातात घ्याल तेव्हा औषधाच्या नावावर थांबू नका, त्याखालची प्रिझर्व्हेटिव्हची ओळही वाचा.