मुंगसासाठी तोफ

६०० मिलिमीटरची लेन्स खांद्यावर टाकून वरठीतल्या बांध्यांत उतरलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘वाघ आला का जी इकडं?’ कोका अभयारण्य याच भंडारा जिल्ह्यातलं, तेव्हा विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. ‘मुंगसाचे फोटो काढतो’ म्हटलं की मात्र माझ्या डोक्याबद्दल शंका येते.

वाघ त्यामानाने सोपा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर चाळीस मीटरवरून तो चौकट भरतो आणि एफ ६.३ वरसुद्धा दीड मीटरभर खोलीतलं सगळं स्वच्छ येतं. मुंगूस तेवढंच मोठं दिसायला हवं तर दहा मीटरवर यावं लागतं, आणि शेपूट तरीही चौकटीबाहेर. खारीसाठी चार-पाच मीटर. तिथे स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम दोन सेंटीमीटरचा. डोळा धरला तर शेपटीचा धूर होतो. एवढी लांब लेन्स असूनही जवळ जाणं काही सुटत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही.

म्हणून धान कापल्यावर, लाखोळी वीतभरही नसताना, मी धुऱ्याला लागून पालथा पडतो. ट्रायपॉड घरीच. कापडी पिशवीत धान भरून तिच्यावर लेन्स टेकवली की ती मुंगसाच्या डोळ्याच्या पातळीत येते. उभ्याने काढलेल्या फोटोत मुंगूस नुसतं मातीला चिकटलेलं दिसतं. शटर हजारांश सेकंदाच्या खाली नेत नाही, कारण ते थांबतं तेव्हाही त्याचं नाक थांबत नाही. भंडारा रोड स्टेशन वरठीतच असल्याने मालगाड्या सारख्या धडधडतात. मुंगसाला त्यांचं काही नाही, माझ्या कोपराखालची तनीस करकरली की लगेच मागचे दोन पाय टेकून उभं! ऊन चढलं की जमीन तापते, हवा थरथरते आणि कितीही महाग काच असली तरी फोटो मऊ पडतो. तेव्हा उठायचं.

लांबून करडं वाटणारं हे जनावर खरं तर करडं नसतंच. एकेका केसावर फिके-गडद पट्टे असतात, ते मिसळून तो रंग दिसतो. याच केसांच्या कुंचल्यांसाठी मुंगसं मारली जातात, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण असतानाही. स्क्रीनवर फोटो मोठा करून मला हे केस न्याहाळायचे असतात.

एकदा बांधीचे मालक मागे येऊन उभे राहिले. ‘दाखवा न भाऊ.’ डोळा मोठा करून दाखवला.

‘याचं बुबुळ आडवं हाये जी! बकरीवानी.’

मुंगसं त्यांनी जन्मभर पाहिलेली. मग म्हणाले, ‘इथं का पडून रायले? बोडीच्या पारीवर या. पिल्लं घेऊन तिथंच निघते ते.’

तळ्याच्या त्या पारीवर पळसाची सावली उशिरापर्यंत राहते, म्हणजे थरथरही कमी. मी धानाची पिशवी उचलली.