कच्चा लिंबू

अंगणातल्या खेळात एखादे लहान मूल हट्टाने शिरले, की मोठी मुले त्याला कच्चा लिंबू ठरवतात. लपंडावात ते सापडले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. पकडापकडीत कोणी त्याच्यामागे जीव तोडून धावत नाही. मोठ्यांची ही तडजोड दयाळू असते, पण फसवी असते, आणि ती फसवणूक सर्वांत आधी त्या मुलालाच कळते. आपल्यावर राज्य येत नाही याचा अर्थ आपण खेळातच नाही, हे उमगायला चार वर्षांचे वयही पुरते. बुद्धिबळात मुद्दाम वजीर मारू देणारा काका आणि कॅरमची राणी पॉकेटच्या तोंडाशी सोडून देणारा थोरला भाऊ यांची जातकुळी हीच. त्यांनी दिलेला विजय मूल घेते, पण कुणाला सांगायला धावत जात नाही.

बळात अंतर असलेली दोन माणसे, दोघांनीही सर्व शक्ती लावून, एकच खेळ खेळू शकतात काय, हा प्रश्न पुरातन आहे. मोक्षपटाने त्याचे एक उत्तर दिले. दान पडेल तसे चालायचे, शिडी आली तर चढायचे, सापाच्या तोंडी सापडले तर उतरायचे. तेथे आजोबा आणि नातू खरोखर समान. पण समान अशासाठी की दोघांच्याही हाती काहीच नाही. बुद्धिबळाने नेमके उलट केले आणि दैवाला पटावरून हाकलून दिले. तेथे सर्व काही हाती आहे, म्हणूनच नवख्याला जागा नाही. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभे राहून ज्या खेळाने आपले उत्तर शोधले, तो जपानमधील क्योतो शहरी घडला: ‘सुपर मारिओ कार्ट’.

२७ ऑगस्ट १९९२ रोजी निन्टेन्डो कंपनीने तो आपल्या सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी बाजारात आणला. ही कंपनी १८८९ साली स्थापन झाली तेव्हा हानाफुडा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते तयार करीत असे, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दैव आणि कसब यांचे प्रमाण किती ठेवावे, हा पत्ते करणाऱ्याच्या धंद्यातलाच प्रश्न होय. शिगेरू मियामोतो हे या खेळाचे निर्माते आणि तादाशी सुगियामा व हिदेकी कोन्नो हे दिग्दर्शक. तिघांपुढचा उद्देश साधा होता. १९९० साली याच कंपनीचा ‘एफ-झीरो’ हा वेगवान शर्यतीचा खेळ आला होता, पण तो एकट्याने खेळायचा. तसाच काही खेळ दोघांना एकाच वेळी खेळता येईल काय, हे त्यांना पाहायचे होते.

यंत्राची कुवत मात्र बेताची. अंथरलेली सतरंजी एका टोकाला धरून फिरवावी, तसे एक सपाट चित्र फिरवून आणि लहानमोठे करून ते रस्त्याचा भास निर्माण करी. दोन खेळाडूंसाठी ही सतरंजी दोन वेगवेगळ्या दिशांनी एकाच वेळी फिरवायची, तर गणित अवघड होऊन बसले. त्यासाठी खेळाच्या कार्ट्रिजमध्येच जास्तीची एक चिप बसवावी लागली. ‘एफ-झीरो’तले लांबच लांब सरळ रस्ते सोडून द्यावे लागले. लहानशा चौकोनात मावणारी, पुन्हा पुन्हा वळणारी वाट उरली, आणि अशा वाटेला शोभेल असे वाहन म्हणजे कार्ट. (कॅलिफोर्नियात १९५६ साली आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन एका सांगाड्यावर बसवून पहिली कार्ट केली. मोटारीतून मोटारपणा वजा केल्यावर जे उरते ते हे वाहन.) आरंभीच्या नमुन्यात कार्टवर एक निनावी माणूस बसलेला होता. मारिओ नंतर आला. ज्याच्या नावाने आज हा खेळ जगाला ठाऊक आहे तो मूळच्या कल्पनेत नव्हता; दुसऱ्या खेळाडूची जागा मात्र पहिल्या दिवसापासून होती.

ती जागा पडद्यावर दिसतेही. दूरचित्रवाणीच्या पडद्याचे मधोमध दोन भाग: वरचा एकाचा, खालचा दुसऱ्याचा. एरवी वाटणी म्हटली की भिंत येते. येथे वाटणीमुळेच दोन माणसे एका सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसतात. विशेष हे, की खेळणारा एकटा असला तरी ही वाटणी मोडत नाही. खालच्या अर्ध्या भागात मग नकाशा येतो, नाही तर मागचे दाखवणारा आरसा. पंगतीत कुणासाठी तरी रिकामा पाट मांडून ठेवावा, तसा तो भाग वाटतो. फुगे फोडण्याच्या लढाईत तर एकट्याला प्रवेशच नाही. चार मैदाने, प्रत्येकाच्या गाडीला तीन फुगे, आणि लपायला जावे तर आपली लपण्याची जागा आपल्याच अर्ध्या पडद्यावर प्रतिस्पर्ध्याला उघड दिसते. दुसऱ्याच्या हातातले पान पाहू नये हा पत्त्यांचा पहिला नियम. पत्ते विकून मोठ्या झालेल्या कंपनीने येथे दोघांचीही पाने उताणी मांडून ठेवली.

आता दैवाचा भाग. रस्त्यावर प्रश्नचिन्ह काढलेले चौकोन असतात. त्यांवरून गाडी गेली की काहीतरी हाती लागते. पण काय लागेल हे बरेचसे खेळाडू कितव्या क्रमांकावर आहे यावर ठरते. जो पुढे आहे त्याच्या वाट्याला नाणी, केळ्याची साल, हिरवे कवच. जो मागे रेंगाळला आहे त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करणारे लाल कवच मिळू शकते, काही काळ अजिंक्य करणारा तारा मिळू शकतो, किंवा बाकी सर्वांना क्षणात अंगठ्याएवढे करून टाकणारी वीज. पाचव्या फेरीच्या शेवटच्या वळणावर थोरला भाऊ पुढे असतो, मागून सहा वर्षांच्या बहिणीचे लाल कवच येते, गाडी गरगर फिरते, आणि घरात आरडाओरडा होतो.

हा अन्याय नव्हे काय? थोरल्याची तक्रार निराधार नाही. त्याने वळणे पाठ केली, उडी मारून गाडी तिरपी घसरवण्याची कला आठवडे घालवून साधली, आणि त्याचे श्रम एका चौकोनाने मातीत घालवले. पण त्याच्या तक्रारीत एक गोष्ट राहून जाते. त्याला मुद्दाम हरावे लागले नाही. त्याने बहिणीवर दया केली नाही, तिला सवलत दिली नाही, सर्व शक्ती लावून तिला हरवू पाहिले. तिनेही ते पाहिले. मागे पडलेल्याला संधी देण्याचे काम खेळाने स्वतःच्या अंगावर घेतल्यामुळे माणसांना एकमेकांशी खोटे वागण्याची गरज उरली नाही. शिवाय ती संधीच असते, दान नव्हे. कवच नेमके कधी सोडायचे हे त्या सहा वर्षांच्या हाताला ठरवावे लागते. येथे कच्चा लिंबू कोणीच नाही.

आणि कसबाला निराळी खोली ठेवलेली आहे. घड्याळाशी शर्यत लावली तर तेथे ना कवच ना वीज. सोबतीला फार तर आपल्याच आधीच्या धावेचे भूत. पाच फेऱ्यांची ‘मारिओ सर्किट’ ही पहिली वाट निष्णात खेळाडू एका मिनिटाच्या आत संपवतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी वर्षे खर्च करतात. फ्रान्समध्ये या एकाच जुन्या खेळाची जागतिक स्पर्धा भरवली गेली. युरोपातील यंत्रे सेकंदाला ५० आणि जपान-अमेरिकेतील ६० चित्रे दाखवत असल्यामुळे दोहोंचे विक्रम वेगळे लिहिले जातात. हा काटेकोरपणा बुद्धिबळवाल्यांनाही शोभेल.

दोष नाहीत असे नाही. यंत्राने चालवलेले प्रतिस्पर्धी सरळ सरळ लबाड आहेत. त्यांची शस्त्रे कधी संपत नाहीत, आणि खेळाडूला अडवणारी केळ्याची साल ते सहज उडी मारून ओलांडतात. निर्मात्यांना माणसामाणसातला न्याय कळला, माणूस आणि यंत्र यांच्यातला कळला नाही.

नव्वदच्या दशकात भारतीय मध्यमवर्गीय घरांत जी स्वस्त आठ-बिटी यंत्रे आली, त्यांवर हा खेळ चालत नसे. इकडच्या अनेकांनी तो पुढे संगणकावर पाहिला. जगभर मात्र त्याच्या ८७ लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि मागोमाग एक वंशच निर्माण झाला. २००५ सालच्या आवृत्तीपासून इंटरनेटवरून परक्या देशांतल्या खेळाडूंशी शर्यत लावता येऊ लागली. प्रत्येकाला पूर्ण पडदा मिळाला. शेजारचा खांदा त्यासाठी आवश्यक राहिला नाही. २० मे २०१४ रोजी कंपनीने त्या आवृत्तीची ही सेवा बंद केली. १९९२ च्या यंत्राला असली सेवा कधी नव्हतीच, त्यामुळे बंद पडण्यासारखेही काही नव्हते. दोन कंट्रोलर त्याच्या दोन खाचांत जोडले की दोघांचा खेळ सुरू होतो.

त्या कार्ट्रिजमध्ये नाण्याएवढी एक बॅटरी आहे. उत्तम वेळांची यादी तिच्या आधारावर टिकते. खेळ स्वतः कायमच्या स्मृतीत कोरलेला असल्यामुळे त्याला बॅटरी लागत नाही. तीस वर्षांनी माळ्यावरची पेटी खाली उतरते, धूळ पुसली जाते, तेव्हा बहुधा ती बॅटरी संपलेली असते. थोरल्याने आठवडे घालवून मिळवलेले सेकंद गेलेले असतात. वाटा तशाच असतात, वळणे तशीच, प्रश्नचिन्हांचे चौकोन जागच्या जागी. यादी कोरी पाहून तो क्षणभर थबकतो. बहीण तोवर दुसरा कंट्रोलर जोडून आपले पात्र निवडत असते.