आठ वेढे

शनिवार सकाळ, साडेसहा वाजलेत. बाहेर नेहमीचा झिमझिम पाऊस. ही आणि चिरंजीव गाढ झोपलेत आणि मी डायनिंग टेबलावर सुया, दोरे, कात्री, गळ असा पसारा मांडून बसलोय. चहा गार झालाय. तुम्ही म्हणाल, हा माणूस आठवडाभर कोड लिहितो आणि सुट्टीला शिवणकाम करतो की काय? जवळपास तेच म्हणा. मी रिग बांधतोय.

रिग म्हणजे दोरीच्या शेवटच्या हात-दीड हातात जे काही असतं ते सगळं. गळ, गळाला बांधलेला मऊ दोरा, शिसं, आमिष अडकवायची सोय. मासा आणि माणूस यांच्यातला इंटरफेस म्हणा हवं तर. बाकीची काठी, रीळ, खुर्ची, थर्मास वगैरे थाट पाण्याबाहेरचा. माशाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मासा म्हणजे इथे कार्प. आपल्या रोहू, कटला, मृगळ यांच्याच खानदानातला. आपल्याकडे धरणांवर मासेवाले ज्याला सायप्रिनस म्हणतात, तोच हा. फरक एवढाच की आपण त्याचं कालवण करतो आणि हे लोक त्याला पकडतात, गादीवर ठेवतात (खरंच, ओली करून ठेवलेली फोमची गादी!), जखमेला औषध लावतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. मी २०१३ मध्ये ऑनसाइट म्हणून रेडिंगला आलो तेव्हा मला हे सगळं वेडेपणाचं वाटलं होतं. पुढच्याच वर्षी शेजारचे आजोबा मला एकदा तळ्यावर घेऊन गेले आणि मीही त्या वेड्यांत सामील झालो.

या वेडाचे इथले एक मूळपुरुष म्हणजे रिचर्ड वॉकर. १९५२ साली रेडमायर नावाच्या छोट्याशा तळ्यात त्यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे साधारण २० किलोंचा कार्प पकडला. तो मासा पुढे कित्येक वर्षं लंडनच्या प्राणिसंग्रहालयात होता. क्लॅरिसा असं त्याचं, सॉरी, तिचं नाव. वॉकरसाहेब पेशाने इंजिनियर. मासा लागला की वाजणारी विजेची घंटीही त्यांनी बनवली होती. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आपल्या जमातीचा माणूस!

पण खरी क्रांती झाली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी. कार्पला तोंडात दात नसतात, ते असतात घशात. त्यामुळे तो खाणं चावत नाही, आधी ओढून घेतो. व्हॅक्यूम क्लीनरसारखं. काही खटकलं की तितक्याच जोरात थुंकून टाकतो. गळात खुपसलेली आमिषाची गोळी साध्या गोळीसारखी हलत नाही, हे त्याला बरोब्बर कळतं. लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी काचेच्या टाकीत कार्प ठेवून हेच पाहिलं. मग त्यांनी काय केलं, तर गोळी गळात खुपसायचीच नाही असं ठरवलं. माणसाचा खराखुरा केस घेतला, एक टोक गळाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला गोळी. गळ मोकळाच. मासा गोळी ओढतो, मागोमाग गळ आत जातो, थुंकायला गेला की टोक ओठात रुततं. हाच 'हेअर रिग'. १९८१ मध्ये मॅडॉक्सनी पुस्तकात छापून टाकलं आणि गुपित फुटलं. आता केस कोणी वापरत नाही, त्याच दोऱ्याचं शेपूट ठेवतात, पण नाव तेच राहिलंय.

ही गाठ बांधायची रीत सोपी आहे. म्हणजे सांगायला सोपी. दोऱ्याच्या टोकाला छोटा फास करायचा, त्यात गोळी ओवायची. दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून पाठीकडून, म्हणजे टोकाच्या उलट्या बाजूने, आत घालायचं. शेपूट गळाच्या दांडीला चिकटवून धरायचं, लांब दोऱ्याचे दांडीभोवती आठ वेढे घ्यायचे आणि शेवट परत त्याच डोळ्यातून, परत पाठीकडूनच, बाहेर काढायचा. थुंकी लावून ओलं करायचं आणि हळूहळू ओढायचं. मग तळहातावरून रिग सरकवून बघायची. गळाचं टोक वळून कातडीला खुपलं तर पास. नुसतीच घसरत गेली तर कापून टाका. युनिट टेस्टच ती.

आता रिग कोणती निवडायची? मी सुरुवातीला मासिकं वाचून चौदा प्रकारच्या रिग बांधल्या होत्या. आजोबांनी डबा बघितला आणि विचारलं, तळाशी काय आहे ते बघितलंस का? नव्हतं बघितलं. मग त्यांनी मला नुसतं शिसं बांधून पाण्यात फेकायला लावलं. दोरी ताठ ठेवायची आणि शिसं तळाला टेकताना काठीत काय जाणवतं तिकडे लक्ष द्यायचं. 'टक्' झालं तर खडी. मऊ 'धप्' झालं तर गाळ. काहीच न जाणवता हळूच टेकलं आणि ओढताना अडखळलं तर शेवाळ-गवत. खडीवर वीतभर दोरा आणि तळाला बसणारी गोळी चालते. गाळात शिसं रुतून बसतं आणि सोबत गळालाही ओढतं, म्हणून तिथे दोरा लांब. गवतात तरंगणारी गोळी, म्हणजे ती गवताच्या वर दिसेल. झालं. बाकीच्या अकरा रिग, आजोबांच्या मते, माशांना नाही, माणसांना पकडण्यासाठी बनवलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती. शिसं अशा क्लिपमध्ये लावायचं की दोरी तुटली तर ते आपोआप सुटून पडेल. आणि गाठ कच्ची असेल तर पाण्यात टाकायचीच नाही. कारण गाठ सुटली तर तुझा मासा जातो, पण त्याच्या तोंडात तुझा गळ राहतो. नुकसान त्याचं.

हे सगळं पुराण एवढ्यासाठी लावलं की पुढची गोष्ट कळावी.

तर झालं असं की २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अण्णा आमच्याकडे राहायला आले. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. अण्णांचं कऱ्हाडला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. उसाच्या पट्ट्यात विहिरीवरच्या मोटारी सारख्या जळायच्या आणि अण्णा तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसलेले असायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं चालायचं नाही. आकडा चुकायचा. पण रविवारी ते कृष्णेवर जायचे. कळकाची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाची तरंडी आणि पेंड घालून मळलेली कणीक. मला कधी नेलं नाही. "अभ्यास कर" हे एकच वाक्य. मीही हट्ट केला नाही. गळ बांधायला मी शिकलो ते पस्तिशीत आणि एका परक्या म्हाताऱ्याकडून. घरात मास्तर असताना.

अण्णांचे हात आता थरथरतात. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, गोळ्या दिल्यात. कप पूर्ण भरायचा नाही हे आम्ही न बोलता ठरवलंय.

माझा रिगचा डबा बघून ते कितीतरी दिवसांनी हसले. हातात एक रिग घेऊन उलटसुलट करून म्हणाले, "ही तर आमचीच गाठ की रे. आमच्या गळाला डोळा नसायचा, चपटं टोक. असेच वेढे घ्यायचो." मग म्हणाले, "दे, एक मी बांधतो."

अर्धा तास लागला. माझं मन सारखं म्हणत होतं, द्या इकडे, मी करतो. मी गप्प बसलो आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांचं एका दिवसाचं लायसन्स काढून आम्ही तळ्यावर गेलो. रेडिंगच्या आसपास खडी काढून उरलेल्या खाणींत पाणी साठून तळी झालीत, त्यातलंच एक. काठावर मी त्यांची रिग तळहातावरून सरकवली. घसरली. नीट बघितलं तर पाचच वेढे, तेही सैल, एकमेकांवर चढलेले. दोरा डोळ्यातून उलट्या बाजूने बाहेर आलेला. जोर लावला तर गाठ सरकत होती.

अण्णा जरा लांब, थर्मासचं झाकण उघडण्याच्या खटपटीत होते. दोऱ्याच्या टोकाचा फास क्लिपमधून काढायला आणि दुसरा घालायला दहा सेकंद लागतात. मी त्यांची रिग काढली, माझी लावली आणि फेकली. त्यांची रिग गेली माझ्या खिशात.

अकराच्या सुमाराला घंटी वाजली. काठी अण्णांच्या हातात दिली. मागे उभा राहून मी फक्त कोपराला आधार दिला. बाकी सगळं त्यांनी केलं. कधी दोरी सोडायची, कधी धरायची हे त्या हातांना बरोब्बर आठवत होतं. मासा जाळ्यात आला, पाच किलोंचा. गादीवर ठेवल्यावर अण्णांनी त्याच्या अंगावरून ओला हात फिरवला. मला म्हणाले, "बघ. गाठ टिकली का नाही?"

मी म्हणालो, "टिकली."

मासा सोडून दिला. आता सोडायचाच तर पकडला कशाला, असं काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं. काही म्हणाले नाहीत. गळ मात्र बराच वेळ हातात धरून बघत बसले. मला वाटलं, आठवणी वगैरे. नोव्हेंबरात ते परत गेले.

पुढे २०२० चं लॉकडाऊन. ते कऱ्हाडला एकटे, आम्ही इकडे. रोज फोन, रोज तेच, जेवलात का, दूध मिळालं का. एके दिवशी मध्येच त्यांनी विचारलं, "त्या दिवशी गळाला किती वेढे होते रे?"

मी एकदम गप्प.

"आठ होते," तेच म्हणाले. "मी मोजले ना. माझे पाच झाले होते. सहावा बसेना म्हणून सोडून दिला."

जन्मभर वेढे मोजलेल्या माणसाशी मी चलाखी केली होती. मी घाईघाईने सगळं सांगितलं. गाठ सरकत होती, माशाच्या तोंडात गळ राहिला असता, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...

"बदललीस ते बरोबर केलंस," अण्णा म्हणाले. "कच्चं काम पाण्यात टाकू नये. पण सांगायचं होतंस. 'अण्णा, हे सरकतंय' एवढंच. मी परत बांधलं असतं."

"अण्णा, अजून अर्धा तास लागला असता."

"मग? तुला कुठं जायचं होतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ऑफिसात कोणी माझा कोड न सांगता बदलून वर 'तुझाच चालला' असं म्हटलं, तर मी केवढा तमाशा करेन! रिव्ह्यू म्हणजे चूक दाखवणं आणि दुरुस्त करायची संधी देणं, असं मीच नव्या पोरांना शिकवतो. घरी मात्र दहा सेकंदांत काम उरकलं आणि त्याला प्रेम असं नाव दिलं.

असो. ती पाच वेढ्यांची रिग अजून डब्यात आहे, वेगळ्या कप्प्यात. आणि समोर मोबाइल टेकवून ठेवलाय. तिकडे आता दुपारचे बारा वाजले असतील. अण्णांनीही एक गळ आणि दोरा घेतलाय. काल चौथ्या वेढ्याला सुटला. आज सहावा बसलाय आणि मी बोलायचं नाही, आकडा चुकतो.